प्रोसेसरचं तापमान किती असावं? आधी खोलीचं तापमान बघा

‘माझा प्रोसेसर ७५ अंशांवर चालतो, हे ठीक आहे का?’ नुसत्या आकड्यावरून याचं उत्तर देता येत नाही. पुण्यात जानेवारीत फक्त ब्राउझर उघडा असताना ७५ दिसत असेल, तर कूलर नीट बसलेला नाही किंवा धुळीने भरलाय. चंद्रपुरात मे महिन्याच्या दुपारी, एसी नसलेल्या खोलीत व्हिडिओ एक्स्पोर्ट होत असताना तोच ७५ दिसत असेल, तर कूलर उत्तम काम करतोय. खोली किती तापलीये, प्रोसेसर त्या क्षणी किती वॅट वीज खातोय आणि त्याची स्वतःची कमाल मर्यादा किती, या तीन गोष्टी कळल्या की मगच आकड्याला अर्थ येतो. (या लेखात सगळीकडे अंश म्हणजे सेल्सिअस.)

आधी मर्यादा बघू. प्रत्येक प्रोसेसरला कंपनीने ठरवून दिलेलं कमाल तापमान असतं, त्याला टीजेमॅक्स म्हणतात. हे मोजलं जातं चिपच्या आत, सिलिकॉनमध्येच. आपल्याकडे भरपूर खपलेल्या इंटेल कोअर आय५-१२४०० साठी ते १०० अंश आहे. एएमडीच्या रायझन ५ ५६००एक्ससाठी ९५, रायझन ७ ५८००एक्ससाठी ९०, आणि रायझन ७ ७८००एक्स३डीसाठी ८९. म्हणजे ८८ अंश दिसले तर पहिल्याला अजून बरीच जागा आहे आणि शेवटचा अगदी काठावर आलाय. तुमच्या मॉडेलचं पान कंपनीच्या साइटवर उघडून हा आकडा एकदा बघून ठेवा.

मर्यादा गाठली म्हणून प्रोसेसर जळत नाही. तो आपला वेग आणि व्होल्टेज कमी करतो, म्हणजे उष्णताही कमी होते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. कूलर निसटलाय किंवा पंखा पूर्ण थांबलाय अशा वेळी तेवढ्यानेही भागलं नाही, तर मशीन स्वतःहून बंद पडतं. त्यामुळे तापमान जास्त असण्याचा रोजचा तोटा म्हणजे मंदावलेलं काम आणि पंख्याचा आवाज.

‘६०-७० च्या वर जाऊ देऊ नका’ हा सल्ला अजूनही दुकानांतून ऐकू येतो. तो निराधार नाही, जुना आहे. एएमडीच्या एफएक्स-८३५० ची मर्यादा खरोखरच ६१ अंश होती. इंटेल आय५-२५००के साठी ७२.६ हा आकडा देत असे, पण तो चिपच्या आतला नसून वरच्या धातूच्या झाकणाचा होता. झाकण चिपपेक्षा थंडच असतं. हे आकडे लोकांच्या डोक्यात पक्के बसले आणि प्रोसेसर बदलले तरी तिथेच राहिले. याच्या अगदी उलट, २०२२ मध्ये रायझन ७००० मालिका आली तेव्हा जड कामात ९५ अंशांपर्यंत जाणं हे डिझाइनमध्येच धरलेलं आहे, असं एएमडीने स्वतः सांगितलं. हे प्रोसेसर ९५ पर्यंत जेवढा वेग काढता येईल तेवढा काढतात. तिथे कूलर बदलला तर कित्येकदा तापमान तेवढंच राहतं आणि वेग थोडा वाढतो.

फरक काढा

हवेने थंड होणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त दोघांमधला फरक आटोक्यात ठेवतो. म्हणून नोंद करायची ती या फरकाची.

एक हिशेब करू. खोली २८ अंशांवर, प्रोसेसर ७० वॅट खातोय आणि त्याचं तापमान ७० वर स्थिरावलंय. फरक ४२ अंश. त्याला ७० वॅटने भागलं की दर वॅटमागे ०.६ अंश. हा झाला तुमच्या कूलरचा, पेस्टचा (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात तो लेप) आणि कॅबिनेटचा मिळून एकत्रित गुण, आणि तो ऋतू बदलला तरी जवळजवळ तोच राहतो. आता नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात खोली ४१ वर गेली, तर त्याच कामाला प्रोसेसर ८३ वर जाणार. बिघाड काहीच झालेला नाही, आणि आय५-१२४०० असेल तर मर्यादेला अजून १७ अंश बाकी आहेत. (प्रत्यक्षात एखाद-दोन अंश जास्तच दिसतील, कारण गरम सिलिकॉन त्याच कामाला थोडी जास्त वीज खातं.) पण पुढच्या वर्षी खोली पुन्हा २८ वर असताना आणि वॅट ७० च असताना ८२ दिसले, तर फरक ४२ वरून ५४ वर गेला. मग मात्र कारण शोधायला हवं.

हे मोजण्यासाठी विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. सुरू करताना त्यात फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडा. इंटेलवर ‘सीपीयू पॅकेज’ ही तापमानाची आणि ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ ही वॅटची ओळ बघा, रायझनवर ‘टीसीटीएल/टीडाय’ आणि ‘सीपीयू पीपीटी’. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स हे पॅकेज टाकलं की ‘सेन्सर्स’ या कमांडने हेच तापमान दिसतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग) दिसणारा आकडा निवांत अवस्थेचा समजू नका. तिथे वीज वाचवण्याच्या यंत्रणा पूर्णपणे चालू नसतात, त्यामुळे विंडोजमधल्या निवांत आकड्यापेक्षा तो सहसा जास्तच असतो. २०१७ चे रायझन ७ १७००एक्स किंवा १८००एक्स कोणी अजून वापरत असेल, तर त्यांचं टीसीटीएल मुद्दाम २० अंश वाढवून दाखवलेलं असतं. त्यांच्यासाठी टीडायच खरं.

मोजताना कॅबिनेटच्या समोर, हवा आत जाते तिथे साधा थर्मामीटर ठेवा. सगळे प्रोग्रॅम बंद करून दहा मिनिटं मशीन तसंच राहू द्या आणि आकडा टिपून घ्या. मग सिनेबेंच या चाचणी-सॉफ्टवेअरमधली सर्व कोअरची (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) चाचणी दहा मिनिटं चालवा आणि शेवटच्या दोन मिनिटांचे तापमान, वॅट आणि गिगाहर्ट्झ लिहा. ‘मॅक्सिमम’च्या रकान्यावर जाऊ नका, तिथे एका क्षणाची उसळीही कायमची नोंदली जाते. प्रोसेसरवर ताण टाकणाऱ्या प्राइम९५ या सॉफ्टवेअरची सर्वांत कडक चाचणी रोजच्या कोणत्याही कामापेक्षा जास्त वीज खेचते, तिच्यावरून कूलरला नापास करू नका.

खोली ३० अंशांच्या आसपास असेल तर ढोबळ अंदाज असे: निवांत असताना ३८ ते ५०, ब्राउझर आणि ऑफिसच्या कामात ४५ ते ६०, गेममध्ये ६० ते ८०, सगळे कोअर भरून चालले की ७० ते ९०. गेममध्ये प्रोसेसर कमी वीज खाऊनही तापतो, कारण २०० वॅटचं ग्राफिक्स कार्ड आपली सगळी उष्णता त्याच कॅबिनेटमध्ये सोडत असतं आणि प्रोसेसरचा कूलर तीच गरम हवा ओढतो.

रायझनवाल्यांची नेहमीची तक्रार म्हणजे काहीही न करता तापमान ४० वरून ५५ वर उडी मारतं आणि पंखा भुर्रकन वाढतो. त्यात बिघाड नाही. रायझन ५००० च्या आठ कोअरच्या तुकड्याचं क्षेत्रफळ जेमतेम ८० चौरस मिलिमीटर. त्यातला एकच कोअर क्षणभर पूर्ण वेगाने धावला तरी उष्णता एवढ्याशा जागेतून बाहेर पडायला वेळ लागतो आणि सेन्सर ती लगेच दाखवतो. उपाय बायोसमध्ये आहे. पंख्याच्या आलेखात ६० अंशांपर्यंत वेग सपाट ठेवा आणि वेग वाढण्याआधीचा विलंब काही सेकंदांचा करा. पंख्याची चढउतार थांबते.

उष्णतेचा रस्ता कुठे अडतो

चिपमधून झाकणात, झाकणातून पेस्टमधून कूलरच्या तळात, तिथून कूलरच्या धातूच्या पातळ पात्यांमध्ये, पात्यांतून हवेत आणि शेवटी ती हवा कॅबिनेटच्या बाहेर, असा उष्णतेचा रस्ता आहे. यातली एक जरी पायरी अडली तरी मागचं सगळं तुंबतं.

सगळ्यात जास्त घोटाळे झाकण आणि कूलरचा तळ यांच्यामध्ये होतात. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण त्यांच्यात बारीक खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. भाकरी तव्याला जिथे टेकत नाही तिथे कच्चीच राहते, तसंच इथे होतं. तांब्याची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनमागे सुमारे ४०० वॅट, हवेची ०.०२६. चांगल्या पेस्टची एक अंकी ते फार तर दहा-बारापर्यंत. म्हणजे पेस्ट तांब्यापुढे अगदीच सामान्य वाहक आहे, तिचं काम फक्त खळग्यांतली हवा हुसकावणं. म्हणून थर पातळच हवा आणि दाब सगळीकडे सारखा हवा. नवीन कूलरच्या तळाला कधीकधी पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म असते, ‘बसवण्याआधी काढा’ असं लिहिलेली. ती तशीच राहून कूलर वर्षभर चालवल्याची उदाहरणं दुरुस्तीवाल्यांना नवीन नाहीत.

पेस्ट बदलायची असेल तर मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा. जुनी पेस्ट सुती कापडाने किंवा कॉफी फिल्टरसारख्या धागे न सोडणाऱ्या कागदाने पुसा आणि शेवटचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. नेलपेंट रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतो. झाकणाच्या मध्यभागी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. आय५-१२४०० च्या एलजीए १७०० सॉकेटमधले (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) प्रोसेसर ३७.५ बाय ४५ मिलिमीटर, म्हणजे लांबट असतात. त्यांच्यावर एका ठिपक्याऐवजी लांबीच्या दिशेने छोटी रेघ ओढली तर कोपरे कोरडे राहत नाहीत. थोडी जास्त झाली तर दाबाने कडेला येते, बिघडत नाही. कमी पडणं जास्त वाईट. पेस्ट बोटाने पसरवायची गरज नाही, कूलरचा दाबच ती पसरवतो.

इंटेलच्या प्रोसेसरबरोबर खोक्यात मिळणाऱ्या कूलरचे चार प्लॅस्टिकचे पाय हे सगळ्यात मोठं दुखणं. प्रत्येक पायाच्या डोक्यावर बाण असतो. काढताना डोकं बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवून वर ओढायचं. बसवताना आधी चारही डोकी उलटी फिरवून मूळ जागी आणायची, हीच पायरी बहुतेक जण विसरतात. मग समोरासमोरच्या कोपऱ्यातले दोन पाय एकदम दाबायचे, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत, आणि नंतर उरलेले दोन. एका बाजूचे दोन आधी दाबले तर दुसरी बाजू उचलली जाते. शेवटी कॅबिनेटचं मागचं झाकण काढून मदरबोर्डच्या पाठीमागून बघायचं. चारही भोकांतून प्लॅस्टिकच्या फाकलेल्या पाकळ्या आणि त्यांच्या मधोमध खिळा पूर्ण बाहेर आलेला दिसला पाहिजे. तीनच पाय धरलेले असतील तर कूलर हलवून घट्ट वाटतो, पण एका कोपऱ्यात केसभर फट राहते आणि तेवढी फट तापमान १५-२० अंशांनी वाढवायला पुरते.

स्क्रूवाला कूलर असेल तर एकेक स्क्रू पूर्ण आवळत जाऊ नका. समोरासमोरचे दोन-दोन वळसे देत चारही सारखे खाली आणा. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या रायझनवर आणखी एक काळजी. त्याच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि सुकलेली पेस्ट कूलरला इतकी चिकटते की सरळ वर ओढलं की कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. पिना वाकल्या तर काम वाढलं. काढण्याआधी पाच-दहा मिनिटं मशीनवर जड काम चालवून पेस्ट गरम करा, बंद करा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा. त्यानंतरच्या एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये गेल्यामुळे ही भीती उरलेली नाही.

नवीन मशीनवर जुना कूलर चढवताना भोकांचं अंतर तपासा. इंटेलच्या एलजीए ११५एक्स आणि १२०० साठी ते ७५ मिलिमीटर, १७०० साठी ७८. तीन मिलिमीटर कमी वाटतात, पण जुन्या क्लिपा जबरदस्तीने बसवल्या की दाब एकसारखा राहत नाही. एएम४ चे बहुतेक कूलर एएम५ वर चालतात, फक्त मदरबोर्डमागची मूळ पट्टी वापरणारेच.

धूळ आणि हवा

धूळ पंख्याच्या पात्यांवर दिसते, पण खरं नुकसान तिच्या मागे असतं. पंखा आणि धातूच्या पात्या यांच्यामध्ये धुळीची अक्षरशः गादी तयार होते. वरून पंखा पुसला तरी ती तशीच राहते. पंखा सुटा करूनच ती काढावी लागते. ब्रश आणि ब्लोअर घ्या, गॅलरीत जा, तोंडाला मास्क लावा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. घरगुती व्हॅक्युम क्लीनरची नळी मदरबोर्डला लावू नका, घर्षणाने स्थिर वीज साठते. कोकणात आणि गोव्यात दमट हवेमुळे धूळ चिकट होते, तिथे नुसत्या ब्लोअरने भागत नाही, ब्रश लागतोच.

विदर्भ-मराठवाड्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावून खोलीचं तापमान खाली आणणं प्रोसेसरच्याही फायद्याचं आहे, कारण तिथली उन्हाळी हवा कोरडी असते. कॅबिनेट मात्र त्या झोताच्या थेट समोर नको, बारीक तुषार आणि पाण्यातले क्षार आत जातात.

सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे कॅबिनेटची जागा. लाकडी कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात ठेवलेलं कॅबिनेट स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतं. त्याला बाहेर काढा, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. पंखे पुढून हवा आत घेणारे आणि मागून, वरून बाहेर टाकणारे हवेत. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ही एक खूण लक्षात ठेवली की उलटा बसवलेला पंखा लगेच सापडतो.

दोष कुठे आहे हे ओळखायला वेगळं यंत्र लागत नाही, तापमान किती वेळात चढतं ते बघा. जड काम सुरू केल्यावर दोन-तीन सेकंदांत ९५-१०० गाठलं आणि बंद केल्यावर तितक्याच पटकन खाली आलं, तर उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये. पेस्ट, दाब, फिल्म, पाय तपासा. १०-१५ मिनिटांत हळूहळू चढत गेलं, तर कूलर उष्णता घेतोय पण हवा ती नेत नाहीये. अशा वेळी कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडून चाचणी पुन्हा करा. पाच अंशांहून जास्त उतरलं तर दोष कॅबिनेटच्या हवेचा, जवळपास काहीच उतरलं नाही तर कूलरमधल्या धुळीचा किंवा मंद पंख्याचा. ‘सीपीयू फॅन एरर’ असा संदेश येत असेल तर पंख्याची वायर मदरबोर्डवरच्या सीपीयू_फॅन याच जागी आहे ना, ते आधी बघा.

सगळं नीट असूनही तापतंय

मग वॅटकडे बघा. प्रोसेसरच्या खोक्यावर लिहिलेले ६५ वॅट म्हणजे कमाल नव्हे. आय५-१२४०० ची मूळ पॉवर ६५ आणि टर्बोची (वाढीव वेगाची) ११७ वॅट आहे. आय९-१३९००के ची १२५ आणि २५३. एएमडीच्या ६५ वॅटवाल्या रायझन ५ ७६०० ची प्रत्यक्ष मर्यादा ८८, आणि १०५ वॅटच्या ७६००एक्सची १४२. शिवाय बरेच मदरबोर्ड मूळ सेटिंगमध्येच या मर्यादा सैल सोडतात, कारण चाचण्यांत त्यांचा बोर्ड वेगवान दिसतो. इंटेलवर बायोसमध्ये पीएल१ आणि पीएल२ (मूळ आणि टर्बोच्या वॅटमर्यादा) कंपनीच्या आकड्यांवर आणा, एएमडीवर वॅटमर्यादा खाली आणणारा इको मोड लावा. १०५ वॅटचा रायझन ६५ च्या इको मोडमध्ये ८८ वॅटवर थांबतो. वीज पस्तीस टक्क्यांहून जास्त घटते, पण वेग त्या प्रमाणात घटत नाही, कारण शेवटच्या थोड्याशा वेगासाठीच सगळ्यात जास्त व्होल्टेज लागत असतं. ज्यांच्या खोलीत एसी नाही त्यांनी महागडा कूलर घेण्याआधी हे करून बघावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या मोठ्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या मालकांनी एक काम लगेच करावं. त्यांत प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतो आणि त्यामुळे कायमचा खराब होऊ शकतो, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरचं अंतर्गत सॉफ्टवेअर, ते बायोस अपडेटमधून येतं) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मशीन अधूनमधून अडखळत असेल, गेम आपोआप बंद होत असतील, तर मोठा कूलर लावून ते बरं होणार नाही. मदरबोर्डचा बायोस अपडेट करा आणि इंटेलची डीफॉल्ट सेटिंग निवडा. त्रास तरी राहिला तर प्रोसेसर वॉरंटीत बदलून घ्या.

पंपाने द्रव फिरवून रेडिएटरमधून उष्णता बाहेर टाकणारा लिक्विड कूलर २०० वॅटच्या वरच्या प्रोसेसरना उपयोगी पडतो, ६५ वॅटच्या प्रोसेसरला साधा टॉवर कूलर पुरतो. लिक्विड घेतलाच तर पंपाची वायर नेहमी पूर्ण वेग देणाऱ्या जागी लावा आणि रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहील असं बसवा. वर्षानुवर्षं त्यातलं थोडं द्रव उडून जातं आणि बुडबुडे तयार होतात. पंप सर्वांत उंच जागी असेल तर ते बुडबुडे त्याच्यातच अडकतात, खळखळ ऐकू येते आणि पाणी फिरणं मंदावतं.